आमच्या होडीचा निळा

२०२२ साल. मला तेव्हा एकाहत्तरावं लागलं होतं. गणपती जाऊन आठ-दहा दिवस झाले होते. माझा धाकटा भाऊ जाळी उचलायला म्हणून पहाटे होडी घेऊन गेला, तो परत आला नाही.

त्याच्याबरोबर जाणारा गडी तापाने पडला होता, म्हणून तो एकटाच गेला. नऊच्या सुमारास बाहेरच्या समुद्रावरून वाऱ्यापावसाची एक सर आली, अर्धा तास धिंगाणा घालून गेली, आणि दहा वाजता असं ऊन पडलं की काही झालंच नाही. गावातल्या होड्यांनी तीन दिवस शोधलं. जाळ्याची पाण्यावर तरंगणारी बोयरी मिळाली. होडी नाही, माणूस नाही.

मी स्वतः समुद्रावर जात नाही. लहानपणी वडील दोनदा घेऊन गेले, दोन्ही वेळा ओकून ओकून अर्धा झालो. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. शाळा तिसरीतच सुटली होती. तेव्हापासून होड्या रंगवण्याचा धंदा. नारळी पौर्णिमेच्या आधी दीड महिना मला जेवायला वेळ नसायचा. आमच्याकडे होडी कुणाची हे लांबून रंगावरून ओळखतात. एकाचा पिवळा पट्टा, दुसऱ्याचा तांबडा, कुणाचा हिरव्यावर पांढरा. आमच्या घराचा निळा. तो डब्यातून येत नाही. तो मी कालवतो, आधी वडील कालवायचे. पांढऱ्यात निळा, त्यात हिरव्याचं बोट आणि काळ्याचा नुसता वास.

रंग कालवून झाला की वीतभर बांबूची काडी त्यात बुडवायची, सावलीत सुकवायची आणि बुडाला त्या होडीची खूण कोरायची. पुढच्या वर्षी कंपनीचा डबा कसाही निघो, मी काडी बाजूला धरून रंग जुळवत असे. काड्या मी काळ्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतो, ऊन लागलं तर फिकटतील म्हणून. एकदा एका होडीवाल्याने भर तरावर, होड्या ओढून ठेवतात त्या किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर मला सांगितलं, तू माझ्या होडीला शेजाऱ्याचा उरलेला रंग लावलास. मी घरी गेलो, काडी आणली, त्याच्या होडीवर उन्हात आडवी धरली. काडी कुठे संपते आणि होडी कुठे सुरू होते ते त्याला दाखवता आलं नाही. तो निमूट गेला. बाजूचा म्हातारा म्हणाला, "ह्याच्या डोळ्याक कोर्टात साक्षीक न्हेवक होयो." हे वाक्य मी पुढे वीस वर्षं मिरवलं.

भाऊ जाऊन नऊ दिवस झाले आणि आमच्या पोलीस ठाण्यातून निरोप आला. गोव्याच्याही खाली, दुसऱ्या राज्यातल्या किनाऱ्यावर एक प्रेत लागलं होतं. चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता. अंगावर हाफ चड्डी आणि कमरेला करगोटा. असा माणूस आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक घरात आहे. अंगठी नाही, गोंदण नाही. पण त्याने स्वतःला एका फळीला दोरीने बांधून घेतलं होतं. होडीतली बसायची आडवी फळी. रंगवलेली. तिथल्या पोलिसांनी त्या फळीचा फोटो पाठवला होता, आणि फळी कुणाची ते आम्ही सांगायचं होतं.

भावाची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी, कसालला दिली आहे. ती ओरोसला एका हापिसात कॉम्प्युटरवर काम करते. ती आली आणि मला ठाण्यात घेऊन गेली. भावजय घरीच राहिली; आमची दोन बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून. निघताना मला म्हणाली, "भावजी, तुमी बघा आणि सांगा. तुमचो डोळो कधी चुकूक नाय." गळ्यात काळे मणी तसेच होते. कपाळावर कुंकू तसंच. नऊ दिवस तिने एक पेज सोडून काही खाल्लं नव्हतं.

हवालदाराने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आजोबा, नीट बघा. घाई नाही." मग म्हणाला, "म्हणजे घाई आहे. त्यांच्याकडे बर्फाची सोय नाही. उद्या दुपारपर्यंत कोणी सांगितलं नाही तर ते पुरणार."

मी बघितलं. फळी हिरवी होती. विहिरीच्या काठावर शेवाळ धरतं तशी.

"ही आमची नाय," मी म्हणालो.

"काका, माज्या मोबाइलर बघा," पुतणी म्हणाली. तोच फोटो तिने आपल्याकडे घेतला होता. तिच्या मोबाइलवर फळी निळी दिसत होती, पण झगझगीत निळी, प्लास्टिकच्या बादलीसारखी. आमचा निळा असा ओरडत नाही.

मी दोन्ही मोबाइल शेजारी धरायला लावले. एकच फळी, एकच दोरी, आणि रंग दोन.

"ह्येतलो खरो खंयचो?" मी विचारलं.

हवालदार म्हणाला, "माझा मोबाइल जुना आहे, आजोबा. माझ्या मोबाइलवर माझी बायकोपण आजारी दिसते."

पुतणीला हसू आलं नाही. ती म्हणाली कसालला तिच्या ओळखीचा फोटोवाला आहे, मोठ्या कॉम्प्युटरवर नीट दिसेल. मी आधी घरी गेलो, माळ्यावरून फडकं काढलं, भावाच्या होडीची काडी घेतली आणि खिशात घातली. ती याच पावसाळ्यातली होती. दीड महिन्यापूर्वी मीच बुडवलेली. मग आम्ही एसटीने कसालला गेलो.

फोटोवाला तिशी-पस्तिशीतला ख्रिस्ती माणूस. भिंतीवर लग्नांचे फोटो, सगळ्या नवऱ्या एकसारख्या गोऱ्या. गळ्यात क्रूस, पायात स्लीपर. पुतणीने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने हातातलं काम ठेवलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मला खुर्ची दिली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या दिवशी मी त्याच्याशी नीट वागलो नाही.

त्याने फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला. आता फळी राखाडी निळी दिसत होती. मी उठलो, खिशातली काडी काढली आणि स्क्रीनच्या काचेला लावली.

"काकानू, काचेक रंग लागात!"

"सुको आसा तो."

"पण हय काडी लावन काय कळतला?"

"पन्नास वर्षां अशीच काडी लावन रंग जुळवतंय. तू तुजा काम कर."

तो माझ्याकडे वळला. मग हळू बोलायला लागला. "काकानू, तुमच्या काडीक रंग दिसता तो भायरचो उजेड पडता म्हणान. काळोखात काडी काळीच. ह्या स्क्रीनीचा तसा नाय. हिच्या आतच बत्ती आसा, रंग म्हणजे ती बत्तीच. एक बत्ती आणि एक काडी, दोघांची जोडी कशी जुळतली? आणि मोबाइलागणिक बत्ती येगळी. हवालदाराची पिवळी, हिची निळी, माजी आणखी तिसरीच."

"मगे तुजी बरोबर कशावरसून?"

"माजी मी नीट लावन घेतलंय. तरीपण फोटो काढतानाच घोळ झालो आसतलो तर माजी बत्ती काय करतली? बघा, ही फळी पोलीस ठाण्यात ट्यूबखाली ठेवलेली आसा. तुमी ट्यूबखाली रंग कालवतास?"

"कधीच नाय. उन्हात."

"कित्या?"

उत्तर मला माहीत होतं. ट्यूबखाली कालवलेला रंग सकाळी तरावर नेला की दुसराच निघतो, हे मी वडिलांच्या हातची थप्पड खाऊन शिकलो होतो. पण त्याच्यापुढे मान डोलवायची माझी तयारी नव्हती.

त्याने एक बटण दाबलं. फळीचा राखाडी गेला आणि ती आकाशासारखी निळी झाली. "ह्या मशीनीन आपल्या मनान सुधारल्यान. तेका वाटला, उजेड हिरवो होतो, तो काढून टाकूया." मग त्याने तोच फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला. तिथे काही न दाबताच फळी थोडी जांभळट आली.

"आता ह्या काय?" मी म्हणालो. "तू तर काय दाबूक नाय."

"फोटोवांगडा एक चिठ्ठी येता, रंग कसो वाचूचो त्याची. ह्या मोबाइलसून त्या मोबाइलर पाठवताना ती चिठ्ठी गळान पडता. मगे एक प्रोग्रॅम एक अंदाज करता, दुसरो दुसरो करता."

"म्हणजे तुजा यंत्र खोटा बोलता."

"खोटा बोलना नाय, काकानू. तेका खरा म्हायतच नाय. पांढरा काय ता तेका कोणी सांगूकच नाय."

"मगे कागदार काढ. कागदाक बत्ती नाय मां?"

त्याने काढला. चकचकीत कागदावर फळी काळसर निळी, मेलेली आली. मी काडी लावली. जुळेना. मी म्हटलं, दुसऱ्या कागदावर काढ. खरखरीत कागदावर ती राखेसारखी आली. त्यावर काडी लावली. मग दुकानाबाहेर उन्हात जाऊन दोन्ही कागदांवर काडी आडवी-उभी धरून बघितली. पुतणी दारात उभी राहून बघत होती. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. त्यांना वाटलं असेल, म्हातारा लग्नपत्रिकेचा रंग निवडतोय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. वर्षापूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्याचं व्हायचं होतं. पट्टी काढली त्या दिवशीच मला कळलं की माझे दोन डोळे एक रंग बघत नाहीत. उजव्याला पांढरा सदरा पांढरा दिसतो, डाव्याला तो चहा सांडून धुतल्यासारखा. त्या पावसाळ्यात मी सगळ्या होड्यांचा रंग एक डोळा मिटून कालवला होता. लोकांना वाटायचं म्हातारा नेम धरतोय. फोटोवाला मला बत्तीबत्तीतला फरक समजावत होता तेव्हा मला समजत नव्हतं असं नाही. ते माझ्याच डोक्यात दोन खोबण्यांत बसलेलं होतं. पण बोललो असतो तर माझ्या डोळ्याची साक्ष गेली असती.

फोटोवाल्याने मग उपाय सांगितला. "थंयच्या पोलिसांका फोन करा. म्हणा, फळी उन्हात ठेवा, बाजूक एक कोरो पांढरो कागद ठेवा आणि मगे फोटो काढा. पांढरो काय ता कळला की मी बाकीचो बराचसो बरोबर करतलंय. जमलाच तर होडयेचा दुसरा एखादा लाकूड बाजूक ठेवूक व्हया होता, पण ता खंयसून."

पुतणीने फोन लावला. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातवाऱ्यांत ती बोलली. फोन ठेवून म्हणाली, "फळी खोलीत आसा. खोलीची चावी साहेबांकडे. साहेब उद्या संध्याकाळी येतले." आणि प्रेत पुरायचं होतं उद्या दुपारी.

"मगे रंग सोडून देवा," फोटोवाला म्हणाला.

"सोडून देवा म्हणजे?"

"रंग फोटोत बदलता. आकार बदलना नाय. आकार बघा." आणि त्याने आणखी एक बटण दाबलं.

फोटोतला सगळा रंग गेला. काळं-पांढरं लाकूड उरलं. रंग होता तोपर्यंत मी फक्त रंग बघत होतो. आता मला लाकडाची शीर दिसली, दोरीचा पीळ दिसला, आणि फळीच्या उजव्या कडेला बोटभर खोल गेलेली खाच दिसली. भाऊ त्याच जागी बसून गरीची दोरी ओढायचा. चौदा-पंधरा वर्षं एकाच जागी दोरी घासून लाकूड झिजलं होतं. दीड महिन्यापूर्वी मी त्या खाचेत बोट घालून रंग लावला होता, कारण ब्रश आत जात नव्हता. तेव्हा मी त्याला म्हटलंही होतं, "अरे, फळी बदल आता." तो म्हणाला होता, "हातापायाक सवय झाली हा. रवांदे."

ती खाच मला दिसली. मी खोटं लिहिणार नाही. ती मला तिथे, त्या खुर्चीत, दिवसाढवळ्या दिसली.

"रंग घाल परत," मी म्हणालो.

"काकानू..."

"रंग घाल म्हणान सांगलंय मां तुका!"

त्याने रंग घातला. फळी पुन्हा राखाडी निळी झाली. मी काडी तिच्यापुढे धरली. रंग जुळत नव्हता. मी पुतणीकडे वळून म्हणालो, "आपली नाय."

"काका, ती कडेची खाच बघलास? बाबांच्या फळयेक..."

"खाच सगळ्यांच्या फळयेक आसता. तू होडयेत कितीदा बसलंस गो? मी रंग लावलंय त्या फळयेक. हो रंग माजो नाय."

"आपण जाया. आताच निघाया. सकाळपर्यंत पोचतलो. डोळ्यान बघूया."

"कोणाच्या तरी मड्याक बघूक कित्या जावचा?"

फोटोवाला स्क्रीनकडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. उठताना तो एवढंच म्हणाला, "काकानू, माजो फोटो चुकतलो. माका त्याचा काय वाटणा नाय. तुमी चुकू नकात." मी त्याला म्हटलं, "तू कालचो." त्याने कागदाचे पैसे घेतले नाहीत, आणि त्याचाही मला राग आला.

आज इतक्या दिवसांनी मी विचार करतो, मी खोटं बोललो का? मनात ठरवून बोललो नाही. माझ्यासमोर दोन साक्षीदार होते. खाच सांगत होती तुझा भाऊ गेला. रंग सांगत होता नाही गेला. मी रंगाचं ऐकलं. आयुष्यभर रंगाचंच ऐकत आलो होतो, म्हणून मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं. शिवाय घरी एक बाई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

आम्ही आलो तेव्हा भावजय पायरीवर होती. पुतणी काही बोलायच्या आत मी सांगितलं, "नाय. आपली फळी न्हय ती. रंगच जुळणा नाय."

ती पायरीवरच बसली. पदर तोंडाला लावून थोडा वेळ रडली, मग उठली, चुलीकडे गेली आणि भात टाकला. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती जेवली. सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून घेतला. मला म्हणाली, "खंय तरी धक्क्यार लागलो आसतलो. तेका फोन लावूक येता खंय? नंबर तरी पाठ आसा काय तेका?" आणि हसली. पुतणी माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पडवीत बसून भात कालवत राहिलो.

मी ठाण्यात जाऊन अंगठा नाही, सही केली. सही करता येते मला. हवालदाराने लिहिलं, सदर फळी आमच्या होडीची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडे त्याला पुरलं.

पुढचे दीड महिने आमच्या घरात जे चाललं त्याची जबाबदारी माझी. भावजय रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त करायची. सकाळी ती शिळी भाकरी कोंबड्यांना घालायची. कुणी बंदरावरून आलं की विचारायची. दसऱ्याला नवी साडी नेसली, कपाळभर कुंकू लावून देवळात गेली. बायका मागे कुजबुजल्या तेव्हा तिने वळून ठणकावून सांगितलं, "माज्या भावजींनी बघितल्यानी हा. त्यांच्या डोळ्याक रंग कळता." मी देवळाच्या कट्ट्यावर होतो. मी ऐकलं.

खाच माझ्या डोळ्यासमोरून जात नव्हती. जेवताना ताटाच्या कडेला दिसायची. पण मी स्वतःला समजवायचो की चार प्रकारे बघितलं, आठ प्रकारे बघितलं, एकातही रंग जुळला नाही. एकात तरी जुळायला हवा होता ना? हा माझा मुद्दा होता. त्यातली खोट मला कळत होती. एवढ्या फोटोंत एकही रंग दुसऱ्याशी जुळला नव्हता, तर माझ्याशी कुठून जुळणार होता? जे सगळेच साक्षीदार वेगवेगळं सांगतात त्यांतला एक पकडून मी निकाल दिला होता.

पुतणीने मला न विचारता काम चालू ठेवलं होतं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी ती दुपारी आली. तिच्या आईला तिने आदल्या दिवशीच कसालला नातवंडांकडे नेऊन ठेवलं होतं, आणि संध्याकाळच्या एसटीने आई परत येणार होती. पुतणीच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं. अंगणात, उन्हात, तिने ते सोडलं.

फळी होती.

"मी गेल्या आठवड्यात थंय जावन इलंय," ती म्हणाली. "गाडयेन गेलंय, दोन दिवस ऱ्हवलंय. त्येंनी एक दात काढून ठेवल्यानी हा. माजा रगात घेतला तेंनी, त्या दाताशी जुळवूक. त्याचो कागद येतलो तेव्हा येवंदे. ही फळी माका सही घेवन दिल्यानी. तुमची काडी हाडा."

मी माळ्यावर चढलो. फडकं सोडलं. काडी घेऊन खाली आलो आणि अंगणात उकिडवा बसलो. फळी मिठाने पांढरट झाली होती. पुतणीने कळशीतलं पाणी ओतलं, पदराने पुसलं. मी काडी फळीवर ठेवली.

काडी दिसेनाशी झाली.

उजवा डोळा मिटला, डाव्याने बघितलं. डावा मिटला, उजव्याने बघितलं. दोन्ही डोळ्यांना फळी वेगळी दिसली, पण काडी दोन्ही वेळा तिच्यात नाहीशी झाली. एका उन्हात, एका डोळ्यापुढे, एक लाकूड दुसऱ्या लाकडाशेजारी. रंग असा बघायचा असतो, हे मला दहा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. एवढं करायला मला तिथे जायला हवं होतं. एका दिवसाची वाट.

मी खाचेत बोट घातलं. आत माझ्या बोटाचे रंगाचे फटकारे होते.

"खंय पुरल्यानी?" मी विचारलं.

"मोकळी जागा आसा. बेवारशांची. एक नंबराची पाटी ठोकलेली हा. आजूबाजूक आणखी चार-पाच आसत." तिने गोणपाट ओढून घेतलं. "गवत उगावला हा."

मी बोट खाचेतून काढलं. मग म्हणालो, "मशीनीन रंग वाईट दाखवल्यान."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला आजही कळत नाही. ती माझ्यापुढे बसली. आवाज चढवला नाही. "काका, त्या माणसान तुमका रंग काढून दाखवल्यान होतो. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतंय. तुमका खाच दिसली. तेव्हाच माका कळला होता."

"मगे तू बोलूक कित्या नाय?"

"बोललंय मी. तुमी माका काय सांगलास ता आठवा."

मला आठवत होतं.

"आणि आये जेवक लागली होती," ती म्हणाली. "म्हणान मगे मीपण गप ऱ्हवलंय. पण आता पुरे झाला. ती ज्या भाकऱ्या करता त्या माज्यान बघवणत नाय. आयेक तुमी सांगूचा. मी सांगूचंय नाय. नाय म्हणान तुमीच सांगलास, होय म्हणानपण तुमीच सांगा."

तिने फळी पुन्हा गुंडाळली, माझ्या पडवीत आत ठेवली आणि एसटीला गेली. संध्याकाळी भावजय आली. लांबूनच हाक मारून म्हणाली, "भावजी, चेडवाकडच्यांनी वडे दिल्यानी, पाठवतंय." लेकीच्या सासरचे वडे आले. मी ते झाकून ठेवले. ती पलीकडे भाकऱ्या थापत होती. आवाज ऐकू येत होता. मी मोजू नये म्हणून रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि तिच्या मागच्या दाराने गेलो. तीस वर्षांत मी त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आमच्यात मोठा दीर धाकट्या भावजयीच्या चुलीपाशी जात नाही. ती कोंबड्यांसाठी भाकरी कुस्करत होती. मला बघून गडबडीने उठली, पदर डोक्यावर घेतला. मी तिला बसायला सांगितलं आणि समोर जमिनीवर बसलो. आधी खाच सांगितली, मग रंग. फोटोवाल्याच्या दुकानात मला काय दिसलं आणि मी काय म्हटलं ते जसंच्या तसं सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. फळी माझ्या पडवीत आहे आणि त्याला कुठे ठेवलंय तेही सांगितलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "आता भायर जावा." मी मागच्या पायरीवर येऊन बसलो. आतून तिचं पहिलं रडणं ऐकू यायला बराच वेळ लागला. मी तिथून उठलो नाही.